दुसरा थर्मास

सर,

उद्या तुमच्या फोटोला हार घालायचा आहे आणि तो मीच घालायचा आहे. सानगडीच्या कॉलेजनं विज्ञानाच्या प्रयोगशाळेला तुमचं नाव द्यायचं ठरवलंय. पत्रिकेत माझ्या नावाखाली ‘सरांची लाडकी विद्यार्थिनी, शास्त्रज्ञ’ असं छापलंय. भाषण लिहावं म्हणून जेवण झाल्यावर एकोडीच्या घरी, दारापुढच्या छपरीत बसले, कागदावर ‘सर’ एवढं लिहिलं आणि पुढं भाषण काही येईना. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. जिवंत होतात तेव्हा मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. दिवाळीला तुमचा फोन यायचा, मी ‘हो सर, बरं सर’ करून ठेवून द्यायचे. मेलेल्या माणसाशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं, पण हात तसाच अडतोय. आत बाबा उद्यासाठी पांढरा शर्ट इस्त्री करताहेत. कॉलरवर पाणी शिंपडून तिसऱ्यांदा फिरवताहेत. त्यांनाही पत्रिका आली आहे आणि त्यांना पहिल्या रांगेत बसायचं आहे.

माझ्या बाबांना तुम्ही ओळखत होतात, पण त्यांचं काम काय होतं ते तुम्ही कधी नीट पाहिलं नाहीत असं मला अजून वाटतं. कागदावर ते सानगडीच्या गुरांच्या दवाखान्यात परिचर होते. गावाच्या तोंडी मात्र ‘डाक्टर’. आमच्या घरातली पहिली पगाराची नोकरी ती. विहारातल्या म्हाताऱ्या बाया लेकरांना बाबांकडं बोट दाखवून ‘असं शिका’ म्हणत. त्या दवाखान्यात एक टाकी होती, पाण्याच्या कळशीएवढी, बाहेरून ॲल्युमिनियमची. तिच्यात द्रव नायट्रोजन आणि त्या नायट्रोजनमध्ये चांगल्या वळूच्या बीजाच्या बारीक बारीक स्ट्रॉ. स्ट्रॉ ज्यात ठेवतात ते लांब दांड्याचे तीन अरुंद डबे टाकीच्या गळ्यातून आत लोंबत असत, बाबा त्यांना पोहरे म्हणायचे. रोज सकाळी ते एक काळी लाकडी पट्टी टाकीत घालायचे, बाहेर काढून हवेत हलवायचे, आणि पट्टीवर जिथपर्यंत पांढरं दंव धरेल तिथपर्यंत नायट्रोजन आहे असं समजायचं. मी शाळेत असल्यापासून ते मला सोबत उभं करत. ‘पोहरा गळ्याच्या वर नाही येऊ द्याचा,’ ते सांगायचे. ‘वर आला का मेला. अन आतलं बीज मेलं तरी दिसत नाही, स्ट्रॉ तशीच्या तशी दिसते.’ टाकीच्या खोलीची चावी घरी चुलीशेजारच्या खिळ्यावर असे.

तुम्ही नागपूरच्या कुठल्याशा शिबिरातून ती काळी चकती आणलीत, तेव्हा मी अकरावीत होते. रुपयाच्या नाण्याएवढी, कोळशाची असावी तशी दिसणारी. वर्गात दाखवून म्हणालात, ही थंड केली की हिच्यातून वीज अडथळ्याशिवाय वाहते, अजिबात म्हणजे अजिबात अडथळा नाही, आणि चुंबक हिच्यावर तरंगतो. आम्ही हसलो. थंड म्हणजे किती, तर उणे एकशे शहाण्णव. सानगडीत एवढी थंडी कुठून आणणार? तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. संध्याकाळी तुम्ही सानगडीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीवर आलात. बाबांनी आधी मान हलवली, मग तुमच्यासारखा माणूस आपल्या दारात काही मागायला आला म्हणून ते विरघळले. पण टाकीला हात लावू दिला नाही. पंधरा दिवसांनी भंडाऱ्याहून नायट्रोजनची गाडी आली तेव्हा गाडीवाल्याला चहा पाजून त्यांनी गाडीवरूनच एक थर्मास भरून घेतला, तोंडाला झाकणाऐवजी कापूस लावला, आणि तो दोन हातांत धरून कॉलेजपर्यंत चालत आले. तो पहिला थर्मास.

तुम्ही चहाच्या बशीत चकती ठेवून वर नायट्रोजन ओतलात. बशीतून धूर उतरून टेबलाच्या कडेवरून खाली पडला. उकळी शांत झाल्यावर तुम्ही चिमट्यानं तांदळाच्या दाण्याएवढा चुंबक वर सोडलात, आणि तो खाली पडलाच नाही. तुम्ही काडीनं टोचलात तर तो जागच्या जागी गरगर फिरायला लागला. बाबा दाराशी उभे होते. त्यांच्या तोंडून ‘अरे बाप्पा’ निघालं. मला रडू आलं, आणि ते का आलं हे मी आजही कुणाला नीट सांगू शकत नाही. पुढं मी जी काही झाले ती त्या बशीपाशी झाले, हे मी नाकारत नाही.

मग तुम्ही फळ्यावर शिकवलंत. ही चकती वरून घट्ट दिसते, पण आतून थरांची आहे. वीज जी बिनअडथळा वाहते ती तांबं आणि ऑक्सिजनच्या सपाट थरांतून, वर-खाली फारच कमी. एरवी इलेक्ट्रॉन एकेकटे चालतात आणि ठेचा खातात. थंडीत त्यांच्या जोड्या जमतात, आणि सगळ्या जोड्या एका तालात पाऊल टाकतात, मग एकट्यादुकट्याला अडवायला कुणाला जमत नाही. ‘रोवणीच्या बाया पायल्या ना?’ तुम्ही मध्येच आमच्या बोलीत शिरलात. ‘धानाच्या बांधीत एकीचं पाऊल चुकलं तं बाजूच्या दोघी अन समोरची तिले रांगेत घेते. पण बांधीच्या अरुंद धुऱ्यावरून एकामागं एक चालले, अन मधात एक थांबला, तं?’ मागचे सगळे थांबतात, वर्ग ओरडला. ‘म्हून तारेत ताल राखनं कठीन, थरात सोपं, अन थरावर थर असलेल्या ढेकळात अजून सोपं.’ तेव्हा मी उभी राहून विचारलं, सर, एकच थर उरला तर? वर-खाली शेजारी कुणीच नाही, असा एकच? तुम्ही चिडलात. ‘मूर्खासारखं काहीबाही विचारू नको, बस खाली,’ म्हणालात, आणि साऱ्या वर्गासमोर मी बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सायकल लावून आमच्या दारात उभे. आई शेण सारवत होती, मी भांडी घासत होते. ‘काल तुले उगाच बोललो मी,’ तुम्ही म्हणालात. ‘तुझा प्रश्न बराबर होता. मलेच त्याचं उत्तर येत नाही. पुस्तकात लिहिलं हाय का एका थरात ताल लांबवर टिकूच शकत नाही. पन मंग वाहते का नाही, थे तू शोध.’ तुम्ही गेल्यावर बाबा कितीतरी वेळ दाराकडं पाहत होते. म्हणाले, ‘मोठा मानूस होय. आपल्याले येत नाही म्हून पोरीच्या घरी सांगाले येते.’ सर, माझं सगळं दुखणं त्या सकाळपासून सुरू होतं. तुम्ही साधे घाबरट मास्तर असता तर पुढचं मला एवढं लागलं नसतं. सोळा वर्षांच्या पोरीसमोर ‘मला येत नाही’ म्हणणारा माणूस खोटं बोलणारच नाही अशी मी खात्री धरून बसले. ती खात्री तुम्हीच माझ्या घरी आणून दिलीत.

बारावीच्या वर्षी भंडाऱ्याला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. आदल्या दिवशी, शनिवारी, आई-बाबा धानाच्या मळणीसाठी एकोडीला गेलेले. मी अभ्यासाला म्हणून सानगडीत मागं राहिले होते. तुम्ही दुपारी आलात, हातात तोच थर्मास.

‘बाबा नाही काय?’

‘नाही जी, मळणीले गेले.’

‘मंग चावी आन ना. थर्मासभर पाहिजे फक्त, उद्या प्रदर्शनात लागते. सोमवारी मीच सांगतो त्याईले. तू कायले भेतं?’

मी चावी दिली. मी तुमच्यासोबत गेले, कुलूप मी काढलं. गळा अरुंद, टाकी जड, आत पोहरे अडकलेले, ओतता येईना. तुम्ही तिन्ही पोहरे वर ओढून बाहेर काढलेत आणि टेबलावर आडवे ठेवलेत, भांड्यातले चमचे बाजूला काढावेत तसे. मग टाकी कलती करून थर्मास भरलात. दोनदा हात पोळला म्हणून थांबलात. पोहऱ्यांवर पांढरं दंव धरलं, मग ते वितळून टेबलावर पाणी झालं. तुम्ही ते रुमालानं पुसलंत, पोहरे परत आत सोडलेत, आणि म्हणालात, ‘झालं, काय फरक पडला?’ भंडाऱ्यात आपला पहिला नंबर आला. बसस्टँडजवळच्या पितळी भांड्यांच्या दुकानासमोर आपला फोटो काढला, ढाल माझ्या हातात आणि तुमचा हात माझ्या डोक्यावर.

सोमवारी तुम्ही बाबांना सांगितलं नाहीत. मंगळवारीही नाही. मी रोज कॉलेजात तुमच्याकडं पाहायचे आणि तुम्ही ‘हो हो, सांगतो’ अशी मान हलवायचात. मग अभ्यास आला, परीक्षा आली. बाबा त्याच टाकीतून स्ट्रॉ काढून गायी भरवत राहिले. होळीच्या सुमाराला एक म्हातारी आपली गाय ओढत दवाखान्यात आली आणि फाटकातूनच ओरडली, ‘अवो डाक्टर, तीन डाव आनली, तीनई डाव उलटली! पानी भरून देता काय तुमी?’ तिच्या मागून दुसरे आले, मग आणखी. हिवाळ्यापासून बाबांच्या हातून भरवलेली एकही गाय गाभण राहिली नव्हती, सगळ्या उलटून पुन्हा माजावर आल्या होत्या. ज्यांच्या घरी दुधावर पोरांची शाळा चालायची अशी ती माणसं, त्यांचा राग खोटा नव्हता. पण त्या रागात दुसरंही काही मिसळलं. ‘ह्याईच्या हातात देलं का असंच होते,’ असं एकजण दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून बोलला, आणि ‘ह्याईच्या’ म्हणजे कोणाच्या हे सगळ्यांना कळलं. बाबांनाही कळलं. बाबांचं नाव पडलं ‘वांझोटा डाक्टर’.

भंडाऱ्याहून चौकशीला साहेब आले. चकतीचा खेळ गावभर झालेला, म्हणून तुम्हालाही बोलावलं. आईनं चहा पाठवला होता, मी ट्रे घेऊन दारात उभी. साहेबांनी विचारलं, ‘सर, तुम्ही इथून नायट्रोजन नेला होता का?’ तुम्ही म्हणालात, ‘एकदा नेला होता. गाडीवरून. यांच्या परवानगीनं.’ ‘एकदाच?’ ‘एकदाच.’ बाबांनी तुमच्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. तुम्ही माझ्या ट्रेमधला कप उचललात. त्या कपाच्या दांड्याला तुमची बोटं लागली तेव्हा मला वाटलं, आता बोलतील, चहाचा घोट घेऊन बोलतील. तुम्ही घोट घेतलात आणि साहेबांना पावसापाण्याचं विचारलंत.

बाबांची बदली तुमसर तालुक्याच्या पार टोकाला झाली. तिथं त्यांना टाकीच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही, निवृत्त होईपर्यंत ते झाडू, फाइली आणि गुरांची जखम धुणं यातच राहिले. शनिवारी एसटीनं घरी येत आणि रविवारी परत जात. सानगडीत मात्र तुमचं नाव वाढत गेलं. मी नागपूरला शिकायला निघाले तेव्हा तुम्ही स्टँडवर आलात आणि सुपारीच्या डबीत कापसावर ठेवलेली ती काळी चकती माझ्या हातात दिलीत. ‘ही तुझी,’ म्हणालात. मला पोचवायला निघालेली आई एसटीच्या खिडकीतून तुमच्या पाया पडायला सांगत होती, आणि मी पडले.

आता मी जिथं काम करते तिथं आम्ही असेच थराथरांचे स्फटिक घेतो आणि चिकटपट्टीनं सोलतो. पुन्हा सोलतो, पुन्हा सोलतो, शेवटी एक थर उरेपर्यंत. तो एवढा नाजूक की नुसत्या दमट हवेनं मरतो, म्हणून हातमोज्यांच्या बंद पेटीत ही कामं करायची. पहिल्यांदा माझ्या हातून एका स्फटिकाचा एकच थर निघाला, त्याला चार बारीक तारा लागल्या, आणि थंड करत नेल्यावर पडद्यावरची अडथळ्याची रेघ खाली उतरली. धाडकन नाही, तिरपी, रेंगाळत. मग शून्य. एकटा थर वाहत होता, सर. पुस्तकातलं वाक्य खोटं नव्हतं. ताल लांबवर पक्का टिकत नाही, पण तो इतका हळूहळू सरकतो की वाहणं थांबत नाही. थरात बारीक भोवरे उठतात, एक उजवा, एक डावा. ते जोडीनं राहिले तर दुरून पाहणाऱ्याला काही झालंच नाही असं वाटतं. गरम केलं की जोडी फुटते, एकटा भोवरा मोकळा भटकतो, आणि तिथून अडथळा सुरू होतो. तुम्ही वर्गात मला खाली बसवलंत त्या प्रश्नाचं हे उत्तर. त्या वर्षी तुम्ही हयात होतात. दिवाळीला फोन आला, ‘काय चाललंय?’ विचारलंत, आणि मी म्हटलं, ‘काही विशेष नाही सर.’ मी ते मुद्दाम केलं. तुम्ही माझ्या बाबांचं जे घेतलंत, त्याच्या बदल्यात मी तुमचं एवढंच काढून घेऊ शकत होते. तुमच्या चकतीच्या भावकीतल्या स्फटिकाचाही एक थर पुढं दुसऱ्यांनी सोलला. तोही वाहतो, जवळजवळ तेवढ्याच थंडीत. हे तुम्हाला कळायला हवं होतं, आणि तुम्हाला कळलं नाही याचं मला आज बरंही वाटतं आणि वाईटही.

मघाशी, लिहायला बसण्याआधी, मी बाबांना विचारून टाकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

‘बाबा, त्या टाकीचं तुमाले तवा काई समजलं नोतं काय?’

इस्त्री बाजूला उभी करून ते म्हणाले, ‘समजलं होतं ना. सोमवारी पट्टी घातली तं दंवाची रेघ पार खाली. अन चावी खिळ्यावर उलटी. मी दाते भिंतीकडं ठेवत होतो.’

‘मंग बोलले काहून नाही?’

‘कोनाचं नाव घेऊ? सराचं घेतलं का पयले तुझं येते. तुझी बारावी होती.’ मग शर्टाची बाही सरळ करत म्हणाले, ‘सराचं काय, थे नेते थर्मास, त्याईले काय मालूम. चुकी माझीच झाली. तळाले थोडा नायट्रोजन होता, पोहरे बुडून होते, मले वाटलं वाचले असतीन. फेकून द्याले पाहिजे होते मी. भेव वाटला. लोकाईच्या गायीचं वाटोळं माझ्याच हातानं झालं.’ आणि पुन्हा इस्त्री धरली.

तीस वर्षं हा माणूस असं समजून बसला आहे, सर. नायट्रोजन कमी पडून नव्हे, तर पोहरे टेबलावर आल्यामुळं ते बीज मेलं, हे त्यांना माहीतच नाही. माहीत असतं तर त्यांनी त्याच सकाळी सगळ्या स्ट्रॉ फेकल्या असत्या, पुढच्या गाडीवर नव्या मागवल्या असत्या, आणि एकही गाय उलटली नसती. तुमचं एक वाक्य पुरलं असतं. सोमवारी, मंगळवारी, त्या महिन्यात केव्हाही. तुम्हाला पोहऱ्यांचं कळत नव्हतं हे मी मान्य करते. पण आपण टाकी उघडली होती हे तुम्हाला कळत होतं, आणि साहेबांसमोर तुम्ही ‘एकदाच’ म्हणालात. मी तुम्हाला त्यासाठी माफ केलेलं नाही, उद्या हार घालतानाही केलेलं नसेल.

बाबा आता शर्ट हँगरला लावून बाहेर आलेत. ‘झालं काय भाषन?’ विचारताहेत. मी कागदावर हात आडवा ठेवलाय. हे पत्र कुठं टाकायचं नाही, तरी तेवढं एक लिहायचं राहिलंय. तुम्ही पोहरे गळ्याच्या वर ओढलेत तेव्हा मला ठाऊक होतं. वर आला का मेला, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, आणि मी तोंड उघडून पुन्हा मिटलं, कारण चुंबक आणखी एकदा तरंगताना बघायचा होता. तुम्ही सांगाल, तुम्ही सांगाल म्हणून जी वाट मी पाहिली, ती तुमच्या खरेपणाची नव्हती. तुम्ही बोलला असतात तर मला बोलावं लागलं नसतं.